लुक फॉरवर्ड टू आणि आजऱ्याचे काजू

माझ्या दुकानातल्या इंग्रजी अर्जाच्या फॉरमॅटमध्ये हल्ली शेवटची ओळ कोरी असते. गिऱ्हाईक समोर बसलं की मी सगळा मजकूर टाइप करते आणि शेवटी विचारते, तुम्ही कशाची वाट बघताय? लोक गोंधळतात. एक निवृत्त गृहस्थ तर चिडून म्हणाले होते, की बाई, मला नळाचं कनेक्शन पाहिजे, मुलाखत नको. तरी मी विचारते. त्याला कारण आजऱ्याच्या एक वहिनी, आणि माझ्या हातून झालेली एक चूक.

दुकान कोल्हापुरात मंगळवार पेठेत, पिठाच्या गिरणीला लागून. गिरणी सुरू झाली की माझ्या टेबलावरचे कागद आपोआप पुढे सरकतात आणि कीबोर्डवर बारीक पांढरी पूड बसते. आधी वडील तिथे टाइपरायटर घेऊन बसायचे. अर्ज, करारनामे, बदलीची विनंती, सगळं. ते गेल्यावर मी बसले. टाइपरायटर कपाटावर चढला, खाली कॉम्प्युटर, झेरॉक्स आणि स्कॅनर आले. पाटी मात्र वडिलांच्या वेळचीच आहे, फक्त खाली 'ऑनलाइन फॉर्म भरून मिळतील' एवढी ओळ वाढली.

आमच्या धंद्यात फॉरमॅट हे खरं भांडवल. नवीन अर्ज कुणी नवीन लिहीत नाही. मागच्या गिऱ्हाइकाची फाईल उघडायची, नाव बदलायचं, विषय बदलायचा, मधला मजकूर पुसून नवा घालायचा आणि वरची 'रिस्पेक्टेड सर' व खालची शेवटची ओळ तशीच ठेवायची. हाताला इतकी सवय होते की टाइप करताना समोरच्याशी पावसापाण्याच्या गप्पा मारता येतात. मला त्याचा अभिमानच होता. दहा मिनिटांत अर्ज हातात, अशी माझी ख्याती होती पेठेत.

आणि शेवटची ओळ होती 'लुकिंग फॉरवर्ड टू हिअरिंग फ्रॉम यू'. ही मला टायपिंगच्या क्लासात मिळाली. आमचे सर अर्थ सांगत नसत, बोटं कुठे पडतात ते बघत. वर्गातल्या एका मुलीने एकदा विचारलं होतं, सर, याचा अर्थ काय. सर म्हणाले, उत्तराची वाट बघतोय असा अर्थ, आणि टू नंतर हिअर नाही, हिअरिंग येतं, का ते विचारू नका, पुढे चला. आम्ही पुढे गेलो. मी तर पंचवीस वर्षं पुढे गेले. रजेच्या अर्जाला ती ओळ, गटाराच्या तक्रारीला ती ओळ, राजीनाम्यालाही तीच. राजीनामा देणारा माणूस साहेबाच्या उत्तराची कसली वाट बघतोय, असा प्रश्न मला कधी पडला नाही.

मागच्या वर्षी गणपती गेले त्या आठवड्यातली गोष्ट. दुपारी दीडचा सुमार, दुकानात प्रवेशाचे फॉर्म भरायला आलेली कॉलेजची पोरं उभी. त्यांच्यातून वाट काढत एक बाई आत आल्या. पन्नाशीच्या असतील. डोक्यावर पदर, खांद्याला कापडी पिशवी. त्यांनी स्टूल स्वतःच ओढून घेतलं आणि पिशवीतून एकेक वस्तू टेबलावर मांडली. बेंगळुरूच्या एका सुक्या मेव्याच्या दुकानाच्या मालकीणबाईंचं कार्ड, काजूची पुडी, वहीचं एक पान आणि प्लास्टिकच्या डबीत गोल शिक्का. त्यांच्या बोटांची टोकं काळपट आणि जाड झालेली होती. काजूच्या टरफलातलं तेल कातडी जाळतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मला वाटलं मेंदी उतरत आली असेल.

त्या आजऱ्याहून आल्या होत्या. बहीण आमच्याच पेठेत राहते, तिने दुकान सांगितलं. हकीकत त्यांनी थोडक्यात सांगितली. गावाजवळच्या काजू फॅक्टरीत त्या सतरा वर्षं कामाला होत्या, ती बंद पडली. मग त्यांनी आणि आणखी आठ जणींनी बचत गटातून दोन जुने कटर घेतले आणि एका रिकाम्या गोठ्यात काम सुरू केलं. माल चांगला निघतो, पण गिऱ्हाईक नाही. कोल्हापुरातल्या प्रदर्शनात बेंगळुरूच्या या बाई त्यांच्या स्टॉलपाशी थांबल्या होत्या. काजू खाल्ले आणि म्हणाल्या, दिवाळीच्या बॉक्ससाठी विचार करीन, नमुना आणि सगळी माहिती इंग्रजीत पाठवा. ही ऑर्डर मिळाली तर गट टिकणार होता. नाही मिळाली तर दिवाळीनंतर कटर विकायचे आणि नऊ जणींनी पुन्हा दुसऱ्याच्या रानात मजुरीला जायचं, हे त्यांचं आधीच ठरलेलं होतं.

मी म्हटलं, वहिनी, हे तर आता मोबाईलवरसुद्धा होतं, मराठीत बोललं की इंग्रजी येतं.

"ठाऊक हाय की," त्या म्हणाल्या. "पन त्यात काय आलंय ते मला वाचून दावायला मानूस लागतंय. म्हणून तुमच्याकडं आलो, आक्का."

आमच्याकडच्या बायका स्वतःबद्दल 'आलो, गेलो'च म्हणतात, आणि तिकडे कर्नाटकाच्या अंगाला गेलं की ताईची आक्का होते. मला कुणी आक्का म्हटलं की मी जरा विरघळते. मी फाईल उघडली. त्या सकाळीच एका खाजगी शाळेच्या मास्तरांचा राजीनामा टाइप केला होता, तीच वर होती. पत्ता बदलला, विषय बदलला, वहीचं पान बघत पहिला परिच्छेद घातला. आम्ही कोण, किती जणी, काजू हातानेच सोलतो, अख्खा आणि पाकळी वेगळी करतो. मागची पोरं घड्याळ बघत होती. वहिनींना तीनची आजरा गाडी गाठायची होती, त्याआधी कुरिअर. माझी बोटं भरभर चालली होती.

तेवढ्यात त्यांनी स्क्रीनकडे बोट केलं. शेवटाला काय लिहिलंय, विचारलं. मी सांगितलं, उत्तराची वाट बघतोय.

त्या म्हणाल्या, "वाट कशाची बी बगत्यात, आक्का. फॅक्टरी बंद पडायच्या आदी म्हैनाभर आमी नोटिशीची वाट बगत हुतो. ही तसली न्हाय. ही बगताना बरं वाटतंय. तसं लिवा की."

मी थांबले. इतक्या वर्षांत शेवटच्या ओळीबद्दल कुणी काही बोललं नव्हतं. कपाटातून वडिलांची जाडजूड डिक्शनरी काढली. मागच्या पोरांपैकी एकाने सुस्कारा सोडला, तो मी ऐकला नाही असं दाखवलं. 'लुक'च्या खाली बारीक अक्षरांत पन्नासएक उपशब्द होते. लुक आफ्टर, लुक डाऊन ऑन, लुक फॉर. मग ते सापडलं. पुढे घडणाऱ्या एखाद्या गोष्टीचा विचार करून आत्ताच आनंद वाटणे, असा त्याचा मथितार्थ. गोष्ट पुढची, आनंद आत्ताचा. खाली उदाहरणं होती, सुट्टीची, लग्नाची, मैत्रिणीच्या भेटीची. परीक्षेच्या निकालाचं नव्हतं. नोटिशीचं तर नव्हतंच.

मला हसू आलं आणि थोडं वाईटही वाटलं. वहिनींना हवा होता तो शब्द माझ्या फॉरमॅटमध्ये पंचवीस वर्षं पडून होता. आपल्याकडे वाट बघणं म्हणतात, त्यात भीतीही मावते. डोळे लावून बसणं म्हटलं की त्यात दमणूक येते. आतुरतेने हा शब्द लग्नपत्रिकेतच बरा दिसतो. हा इंग्रजी शब्द मात्र फक्त चांगल्या गोष्टीसाठीच काढायचा असतो, आणि मी तो गटाराला लावत होते.

मी वहिनींना सांगितलं, तुम्ही म्हणताय तोच शब्द आहे हा, लुक फॉरवर्ड टू. त्यांनी तो दोनदा म्हणून बघितला. मग विचारलं, कशाची वाट बघायचं लिहिलंय त्यात? मी म्हटलं, उत्तराची.

"उत्तर घिऊन काय करू?" त्या म्हणाल्या. "त्यांच्या दिवाळीच्या बॉक्सात आमच्या हातानं काजू भरायचं हाय. त्याची लिवा."

मी 'हिअरिंग फ्रॉम यू' पुसलं. आयुष्यात पहिल्यांदा पुसलं. त्या जागी लिहिलं की तुमच्या दिवाळीच्या बॉक्समध्ये आमच्या हातांनी काजू भरण्याची आम्ही आनंदाने वाट बघतो आहोत, लुक फॉरवर्ड टू पॅकिंग. टू नंतर पॅकिंग बरोबर आलं म्हणून सरांची आठवण झाली. मी स्वतःवर इतकी खूश झाले की विचारू नका.

मग वहिनी म्हणाल्या, आता सगळं वाचून दाखवा. मी वाचलं. म्हणजे त्यांना वाटलं मी वाचलं. मागे पोरं, पुढे घड्याळ, आणि वहीचं पान कीबोर्डशेजारी होतंच. मी त्या पानावरचं मराठी घडाघडा म्हटलं आणि फक्त शेवटची ओळ स्क्रीनवरून वाचली. त्या मान डोलावत राहिल्या. प्रिंट काढली. त्यांनी मराठीत सही केली, डबीतला शिक्का काढला, चांगभलं म्हणत कागदावर दाबला. मी स्कॅन करून माझ्या दुकानाच्या मेलवरून पाठवलं, कागद काजूच्या पुडीबरोबर पाकिटात घातला, कुरिअरचं दुकान दाखवलं. त्या गेल्यावर दिवसभर मी येईल त्याला लुक फॉरवर्डचा खरा अर्थ सांगत होते.

पाच दिवसांनी दुसरं कुणी राजीनामा लिहायला आलं. मास्तरांची फाईल उघडली तर वर काजू. तेव्हा लक्षात आलं, मी नवीन नावाने सेव्ह न करता त्याच फाईलवर सगळं टाइप केलं होतं. आणि खाली वाचत गेले. पहिला परिच्छेद काजूचा. शेवटची ओळ दिवाळीच्या बॉक्सची. आणि मधे, जागचा न हललेला, मास्तरांचा परिच्छेद. कौटुंबिक अडचणींमुळे पुढील महिन्याच्या एक तारखेपासून हे काम चालू ठेवणे मला शक्य नाही, तरी कृपया मला जबाबदारीतून मुक्त करावे.

समोरच्या गिऱ्हाइकाला मी पाणी विचारलं आणि स्वतःच प्यायले.

पहिला विचार काय आला तो प्रामाणिकपणे सांगते. दुसरं, सुधारलेलं पत्र गुपचूप मेल करावं आणि गप्प बसावं. वहिनींना इंग्रजी येत नाही, त्यांना कळायचं कारण नव्हतं. अर्धा दिवस मी त्या विचारात घालवला. पण वडिलांचं एक होतं. कागद चुकला तर कागद पाठवायचा नाही, आपण जायचं. एका करारनाम्यात गट नंबर चुकला म्हणून ते सायकलवरून जोतिबाच्या पायथ्यापर्यंत गेले होते आणि परत येऊन दोन दिवस पाय शेकत बसले होते. मला तर एसटी होती.

सकाळी वहिनींना फोन केला, म्हटलं, येतेय. कशासाठी ते सांगायचा धीर झाला नाही. त्यांना आनंदच झाला. "या की," म्हणाल्या, "घनसाळचा भात टाकतो." शटरवर 'आज दुकान बंद' चिकटवलं आणि स्टँडवर गेले. अडीच-तीन तासांचा रस्ता. वाटेत शेजारच्या बाईने दोनदा विचारलं, बरं वाटत नाही का.

वहिनी रस्त्यावरच उभ्या होत्या. मी लगेच बोलायला गेले तर म्हणाल्या, आधी जेवा. मी म्हटलं, कामाचं आहे. त्या म्हणाल्या, काम पळून जातंय का, पावणं उपाशी पोटी काम बोलत नसतं. पाटावर बसवलं. आजऱ्याच्या त्या घनसाळ तांदळाचा वास घरभर पसरला होता, आमटी होती, तव्यावरचं ताजं पिठलं होतं. वाढताना त्या सांगत होत्या की नऊ जणींनी मिळून गोठ्याला चुना काढलाय, डोक्याला बांधायला पांढऱ्या टोप्या शिवल्यात. ज्यांचं मीठ खातेय त्यांचाच राजीनामा मी पाठवलाय, हे डोक्यात घोळत होतं. तेवढं लाजिरवाणं जेवण मी जन्मात जेवले नाही.

मग गोठ्यात गेलो. आता त्याला गोठा म्हणवत नव्हतं. एका बाजूला कटर, दोघी जणी हातापायाने ते चालवत होत्या, तेलाने भाजू नये म्हणून हाताला राख चोळलेली. खटकन टरफल फुटायचं आणि आतली बी अख्खी बाहेर पडायची. बाकीच्या गोल बसून काजूची लाल साल सोलत होत्या. वहिनींच्या बोटांचा काळेपणा इथे प्रत्येकीच्या बोटांवर होता. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. फाईल, मास्तर, मधला परिच्छेद. कटर थांबले.

वहिनी माझ्याकडे बघत राहिल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "आक्का, तुमी वाचून दाखिवलं की मला."

मी म्हटलं, "वाचलं नव्हतं, वहिनी. तुमचंच पान म्हणून दाखवलं."

त्या आरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या दारात जाऊन पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. त्यांच्यातल्या सगळ्यात वयस्कर आजी सोलता सोलता म्हणाल्या, म्हणजे आपण काम सोडलं म्हणून कळवलं होय. कुणीतरी म्हणालं, सोडायला अजून धरलंय कुठं. दोघी-तिघी हसल्या. वहिनी हसल्या नाहीत. मला तिथे बसावं की निघावं ते कळेना, म्हणून मी खाली बसले आणि समोरचे काजू सोलायला लागले. माझ्या हातून तिसराच काजू मोडला, तो आजींनी काढून पाकळीच्या टोपलीत टाकला.

बऱ्याच वेळाने वहिनी परत आल्या. म्हणाल्या, दुसरं पत्र लिहू या, पण या खेपेला सगळ्यांसमोर आणि शब्द न् शब्द सांगून. मी मोबाईल काढला. एकेक वाक्य आधी मराठीत म्हणायचं, मग इंग्रजीत टाइप करायचं, मग ते इंग्रजी परत मराठीत सांगायचं. नऊ जणी ऐकायच्या आणि दुरुस्त करायच्या. एवढ्या कडक तपासणीतून माझं एकही पत्र कधी गेलं नव्हतं. मी लिहिलं की आमच्याकडून चूक झाली, क्षमस्व. वहिनी लगेच म्हणाल्या, आमच्याकडून नव्हे, टायपिंग करणाऱ्या बाईंकडून, खरं आहे ते लिहा. मी लिहिलं. स्वतःच्या हाताने स्वतःची तक्रार टाइप करायचा तो माझा पहिला प्रसंग.

शेवटची ओळ आली तेव्हा मी विचारलं, ही बदलायची का.

"ती ऱ्हाऊ द्या," वहिनी म्हणाल्या. "त्या कागदात तेवढीच खरी हुती."

पत्र गेलं. निघताना त्यांनी मला कोळशाचा तुकडा दिला आणि ते तीन शब्द इंग्रजीत भिंतीवर लिहायला सांगितले. चुना ताजा होता. मी कटरच्या वर मोठ्या अक्षरांत 'लुक फॉरवर्ड टू' लिहिलं आणि कुठला भाग कसा वाचायचा ते दाखवलं. त्यांनी बोट फिरवून बघितलं. राग गेला नव्हता, पण घनसाळचं एक पुडकं माझ्या पिशवीत घातलंच.

पुढचे आठ दिवस माझं दुकानात लक्ष नव्हतं. दर तासाला मेल उघडायची. त्याला लुक फॉरवर्ड म्हणता येणार नाही, मला नुसती धास्ती होती. नकार आला तर तो माझ्यामुळे, आणि तोही माझ्याच मेलवर येणार. रोज सकाळी दहाला वहिनींचा फोन यायचा, आलं काय. नाही म्हटलं की त्या तिकडची खबर सांगायच्या. अख्खे काजू वेगळे काढायला घेतलेत. बॉक्सात भरायची सवय व्हावी म्हणून चपलांची खोकी आणून त्यात कागद घालून रचून बघितलेत. मी एकदा न राहवून म्हटलं, वहिनी, एवढं आधीच नका करू, उत्तर काय येतंय माहीत नाही.

"मग नुसतं बसून वाट बगायची व्हय?" त्यांनी विचारलं.

डिक्शनरीत हे नव्हतं. आनंद आत्ताचा, एवढंच होतं तिथे. तो हातापायांनी करायचा असतो, हे मला आजऱ्याहून फोनवर कळलं. मी फोन ठेवला आणि त्या दिवशी पहिल्यांदा एका गिऱ्हाइकाचा अर्ज प्रिंट काढायच्या आधी, शब्दाखाली बोट धरून, त्याला पूर्ण वाचून दाखवला. तेव्हापासून दहा मिनिटांत अर्ज ही माझी ख्याती संपली.

नवव्या दिवशी सकाळी बेंगळुरूचा मेल दिसला. विषयाच्या जागी फक्त 'काजू' एवढंच होतं. पत्र आत जोडलेलं. मी वहिनींना फोन केला. त्या म्हणाल्या, उघडू नका, मी येतो. मी सांगितलं, तुम्ही येईपर्यंत तीन तास. त्या म्हणाल्या, मग तीन तास उघडू नका. आणि मी उघडलं नाही. गिरणी चालू होती, कागद सरकत होते, मी दोन आधार कार्डांच्या झेरॉक्स उलट्या काढल्या. पण उघडलं नाही.

दुपारी त्या आल्या, बरोबर त्या वयस्कर आजी. दोघींच्या कपाळाला घाम. स्टुलावर आजींना बसवून वहिनी माझ्या खुर्चीमागे उभ्या राहिल्या. मी पत्र उघडलं आणि स्क्रीनकडे न बघता प्रिंटला दिलं. प्रिंटरमधून कागद उलटा बाहेर आला. वहिनींनी तो माझ्या आधी उचलला, सरळ केला आणि समोर धरला.

मला वाटलं, त्या माझ्या हातात देतील. दिला नाही. काळपट बोट कागदाच्या खालच्या बाजूला टेकवलं आणि ते अक्षरांवरून हळूहळू सरकायला लागलं. ओठ हलत होते. एका जागी बोट थांबलं, मागे आलं, पुन्हा त्याच जागी गेलं.

"ह्ये बगा," त्या म्हणाल्या. "भिंतीवरचं. ह्येच हाय न्हवं?"

मी वाकून बघितलं. होतं. शेवटच्या ओळीत होतं, वी लुक फॉरवर्ड टू. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते लपवलं नाही.

आजींनी विचारलं, म्हणजे हो म्हणाल्या का. वहिनींनी कागद माझ्यापुढे ठेवला. "आता वरनं वाचा," म्हणाल्या, "एक बी शब्द सोडू नका."

मी बोट धरून वाचलं. तारीखसुद्धा वाचली. मालकीणबाईंनी लिहिलं होतं की पहिलं पत्र वाचून त्या पुडी बाजूला ठेवणार होत्या, कारण काम बंद करणाऱ्यांकडे ऑर्डर कशी द्यायची. पण शेवटच्या ओळीपाशी त्या अडल्या. काम सोडून चाललेलं माणूस असली ओळ लिहीत नाही. म्हणून पुडी टेबलावरच राहू दिली. दुसरं पत्र पोचेपर्यंत त्यातले अर्धे काजू दुकानातल्या लोकांनी संपवले होते. दिवाळीच्या बॉक्ससाठी पहिली खेप त्यांना आजऱ्याहून हवी होती, नमुन्यासारखीच, अख्ख्या काजूची. आणि टायपिंग करणाऱ्या बाईंना सांगा, लिहिलं होतं, की पुढचं पत्र नीट वाचून पाठवा. तेही मी मोठ्याने वाचलं. आजी खुदकन हसल्या आणि या वेळी वहिनीही हसल्या.

शेवटची ओळ राहिली होती. मी बोट धरलं. वहिनींनी विचारलं, त्या कशाची वाट बघताहेत.

"तुमची," मी म्हटलं. "बॉक्स भरायला तुम्ही नऊ जणी बेंगळुरूला याल, त्याची."

वहिनींनी कागदाची घडी घातली, शिक्क्याच्या डबीत ती मावेना म्हणून पदराच्या टोकाला बांधली. मग आजींना हाताला धरून उठवलं. तीनची गाडी गाठायची होती, आणि गोठ्यात सात जणी कटर थांबवून बसल्या होत्या.